मेथी घेत होते तेव्हा मोर्शीत कोण होतं

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

मेथीची जुडी अजून पिशवीतच आहे. निवडायला हातच वळत नाहीत.

मोर्शीच्या आमच्या संत्र्यांच्या शीतगृहाचा कूलिंग चालवणारा सर्व्हर मी घरून एसएसएचनं, म्हणजे दुरूनच कमांड देऊन, सांभाळते. आज घरी येऊन लॉग उघडला, तर साडेपाचला तीन नंबरच्या खोलीचं कूलिंग बंद केल्याची कमांड. चालवणाऱ्याचं नाव माझं. पण साडेपाचला तर मी भाजीबाजारात मेथी घेत होते! कोण शिरलं? खोलीत संत्री असती तर?

कमांड आमच्या अकोल्याच्या ऑफिसातून आलेली दिसली. तिथल्या रफीकभाईंना फोन लावला.

"ताई, मीच केलं ना. खोली खाली होती, मंग कावून चालू ठेवा? माह्या नावानं ते होतच नाही, म्हणून तुमच्या नावानं चालवून राहिलो."

खरंच की. भावाच्या लग्नाला गेले तेव्हा माझ्या खात्याची डिजिटल चावी मीच त्यांना पाठवली होती. आमच्याकडे सुट्टीवर जाताना सगळेच देतात, शेजारी घराची चावी ठेवावी तशी. परत कोण मागतं?

जीव भांड्यात पडला. सहज विचारलं, "तुमच्या एकट्याकडेच आहे ना?"

"मी सुट्टीवर गेलो तवा माह्या जागी होते त्यायले देल्ली, ताई. त्यायनं कोणाले देल्ली, ते मले नाही माहीत."

आत्ता चावी बदलावी, तर माझ्या नावावर चाललेलं कुठलं मशीन बंद पडेल?

साडेपाचला मी बाजारात होते, आणि मोर्शीतही. हे लिहिताना मी आणखी कुठे कुठे आहे?