चिऊबरोबरची बाई

४ ऑक्टोबर

आले एकदाची. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान, अशी ही जागा. बदलीचा हुकूम आला तेव्हा धाकट्या बहिणीने विचारलं होतं, ताई, ही शिक्षा की बढती? मलाही धड सांगता आलं नव्हतं. पण आज खोली बघितली आणि जीव भांड्यात पडला. खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर मी. जिन्यात खळीचा वास येतो, तो मला आवडला. खिडकीतून सरळ रस्ता दिसतो, त्याच्या टोकाला पाट आणि पाटाच्या काठाने झाडं. इथे मी याआधी कधी पाऊल टाकलेलं नाही, तरी सामान लावून होईपर्यंत अगदी घरच्यासारखं वाटायला लागलं. घरमालकीणबाई एका चहात माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून गेल्या. लग्न का नाही केलं, याचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं आणि ते त्यांना पटलंही.

कचेरीत एक हवालदार आहेत, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी माझं टेबल ओल्या फडक्याने पुसून ठेवलं होतं. काम मला हवं तसंच आहे. न उलगडलेल्या जुन्या प्रकरणांतले जबाब पुन्हा घ्यायचे आणि कोणाच्या सांगण्यात किती तथ्य आहे ते ठरवायचं. हवालदारांना मी माझं आवडतं वाक्य ऐकवलं. माणूस बघतो डोळ्यांनी, पण आठवतो तोंडाने. जितक्या वेळा सांगेल तितकं ते बदलणार. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, मॅडम, आमच्या घरात तर रोजच हा खटला असतो.

६ ऑक्टोबर

पहिलंच प्रकरण लहान मुलीचं. चिऊ म्हणायचे तिला. सात वर्षांची. तीन वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका दुपारी आईने तिला कोपऱ्यावरच्या दुकानात दोरा आणायला पाठवलं. आई शिवणकाम करते, हातातलं काम अर्धवट होतं. दुकानदाराने दोरा दिला. पोरगी दुकानातून निघाली आणि घरी पोचलीच नाही.

तिघांनी तिला पाहिलं. घड्याळदुरुस्तीवाल्याने, एका बसड्रायव्हरने आणि वाचनालयाच्या बाईंनी. तिघंही म्हणाले, एका बाईचा हात धरून चालली होती. पण एकाची बाई उंच, दुसऱ्याची ठेंगणी. कोणी लाल कपडे सांगितले, कोणी राखी. म्हणून आधीच्या अधिकाऱ्याने तिन्ही जबाब निकालात काढले. मला उलट वाटतं. पढवलेले पोपट एकच बोलतात. खरं बघितलेली माणसं अडखळतात, एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा पाचामुखी परमेश्वर म्हणतात तसं, कुठे तरी या तिघांच्या तोंडी खरी बाई असणार.

दुपारी आईला भेटून आले. एकच खोली, खिडकीशी मशीन. ती माझ्याशी बोलतानाही शिवत होती. चिऊ हरवल्यावर पहिल्याच वर्षी नवरा सोडून गेला, असं तिने वीज गेली म्हणावं तसं सांगितलं. निघताना म्हणाली, “बाई, तुम्ही नव्या आहात म्हणून आधीच सांगते. मला धीर देऊ नका. धीर देऊन गेलेली माणसं परत येत नाहीत.”

मी तिला सांगितलं, मी येत राहीन.

९ ऑक्टोबर

घड्याळवाला. डोळ्याला भिंग लावूनच बोलतो, त्यामुळे आपण एखादा बिघडलेला काटा आहोत असं वाटतं. मी काहीच सुचवलं नाही. काय आठवतं ते सांगा, एवढंच. नियम मी कधी मोडत नाही. सगळं जुनंच सांगितलं त्याने, फक्त एक नवीन. बाईच्या गळ्यात चष्मा लोंबत होता म्हणाला, मण्यांच्या दोरीला.

हे जुन्या जबाबात नाही. बाहेर आल्यावर मला हसूच आलं, कारण मण्यांच्या दोरीचा चष्मा माझ्याच गळ्यात होता. दोरी धाकटीने ओवून दिलेली. हवालदारांना मी समजावलं की असं नेहमी होतं. जुन्या चित्रात रिकामी जागा असते, माणूस समोर दिसेल ते त्यात भरतो, आणि खोटं बोलतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. उद्यापासून चष्मा पर्समध्ये.

१२ ऑक्टोबर

बसड्रायव्हर. आगारात भेटला, हात पुसत पुसत बोलला. वारा होता म्हणून मी डोक्याला रुमाल बांधला होता, चष्मा पर्समध्ये. त्याने आधी ठेंगणी, राखी कपड्यांची बाई सांगितली होती. आज म्हणाला, उंच. नाकावर चष्म्याचे वण होते. आणि उजव्या कानावर एक पांढरी बट.

मी रुमाल काढला नाही.

गाव लहान आहे. मी आठवडाभर इथे हिंडतेय, त्याने मला कुठे तरी पाहिलं असणार. एवढी साधी गोष्ट आहे. तरी कचेरीत आल्यावर आरशात बट बघितली, आणि ती मला जरा अनोळखीच वाटली.

जाता जाता चिऊच्या आईकडे डोकावले.  तिने खुर्चीवरचे कपडे उचलून मला जागा करून दिली.

१५ ऑक्टोबर

वाचनालयाच्या बाईंकडे मी मुद्दाम गेले नाही, हवालदारांना पाठवलं. बाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आहेत, सून सगळं करते. मला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यच नाही. आता जे सांगतील ते निर्भेळ असेल.

हवालदार जेवणाच्या सुट्टीनंतर परत आले आणि उभ्यानेच बोलले. माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघून. बाई उंच, मण्यांच्या दोरीचा चष्मा, कानावर पांढरी बट. हसताना तोंडावर हात घ्यायची. मुलीने तिला मूठ उघडून काहीतरी दाखवलं आणि ती बाई हसली.

मी विचारलं, ती निळी चिंधी ना?

हवालदार म्हणाले, “चिंधी म्हणाल्या नाहीत त्या, मॅडम. काहीतरी दाखवलं, एवढंच.”

१६ ऑक्टोबर

फाइल पुन्हा वाचून काढली. चिंधी कुठेच नाही. दुकानदाराच्या जबाबात नाही, आईच्या जबाबात नाही.

चिऊच्या आईकडे गेले. विचारायचं नाही असं ठरवून गेले आणि विचारलं. तिचं मशीन थांबलं. मी येते तेव्हा ते कधी थांबत नाही. म्हणाली, हो, दोऱ्याचा रंग जुळवायला निळ्या कापडाचा तुकडा दिला होता मुठीत. कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. दोरा आणायला गेली, एवढंच सगळ्यांनी लिहून घेतलं.

मग तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल, अंगावर येईल. पण ती हळूच म्हणाली, “पहिल्या दिवशी मीच बोलले असेन तुमच्याजवळ. नाहीतर तुम्हाला कसं कळणार?” आणि जरा वेळाने, “हो. बोलले होते मी. आता आठवलं.”

ती बोलली नव्हती. मला पक्कं माहीत आहे. म्हणजे काल तरी पक्कं माहीत होतं.

१७ ऑक्टोबर

धाकटीला फोन केला. तीन वर्षांपूर्वीची ती मार्चमधली तारीख सांगितली. त्या दिवशी मी कुठे होते? ती म्हणाली, माझ्याकडे, आपण पडदे लावले नाहीत का, तू स्टुलावरून पडलीस. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण सवय. तारीख नक्की तीच का, कशावरून, असं विचारत गेले. ती विचारात पडली. मग म्हणाली, पडदे कदाचित नंतरच्या आठवड्यातले असतील. त्या दिवशी तू कामासाठी कुठेतरी गेली होतीस बहुतेक. कुठे ते काही बोलली नव्हतीस. घरी आलीस ती न जेवताच झोपलीस.

मी फोन ठेवला. मीच मोडलं ते. माझ्या प्रश्नांनी. चांगलं भक्कम घर होतं, एकेक वीट मीच काढली —

१९ ऑक्टोबर

काय ऐकलंय आणि काय आठवतंय, हे वेगळं करायला बसले सकाळी. वीस वर्षं हेच तर शिकवत आले लोकांना. जमत नाही.

चिऊचा तळवा चिकट होता. अंगठ्याला शाई. बोलताना दर वाक्याआधी ती श्वास घ्यायची, पोहायला उतरणाऱ्यासारखा. हे कोणी सांगितलं मला? फाइलमधल्या फोटोत तिचं तोंड मिटलेलं आहे.

वरिष्ठांना फोन करून सांगितलं, हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्या. ते म्हणाले, दगदग झालीय, दोन दिवस विश्रांती घ्या. कारण विचारलं असतं तर काय सांगणार होते?

२० ऑक्टोबर

हवालदारांना म्हटलं, माझा जबाब घ्या.

ते नाही म्हणाले. मग दार लावून आले, बसले, पेन उघडलं, पुन्हा मिटलं. म्हणाले, पोरगी शाळेत जाताना मला रोज सलाम ठोकायची. मीही ठोकायचो उलट. तीन वर्षं त्या वेळेला हात उगाच वर जातो, मॅडम.

मी सांगितलं की मी त्या दिवशी इथे नव्हते. त्यांनी लिहून घेतलं. मी सांगितलं की मी तिला ओळखत नाही. तेही लिहिलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि पोलिसासारखा नाही विचारला. “ती रडत होती का हो?”

मी म्हणाले, नाही.

लगेच. विचार करायच्या आधी.

त्यांनी ते लिहिलं नाही. डोळे पुसले आणि म्हणाले, बरं झालं. खरंच म्हणाले. बरं झालं.

२२ ऑक्टोबर

चिऊची आई आली. वर, खोलीवर. मी दार उघडलं तर तिच्या हातात कापडी पिशवी.

कोणीतरी सांगितलंय तिला. गावात कुजबुज आहेच. घरमालकीणबाई आता जिन्यात थांबत नाहीत. मी खुर्ची पुढे केली, ती खाली सतरंजीवर बसली. मी म्हटलं, लोक म्हणतात त्यात तथ्य नाही, आठवणीला कसे हातपाय फुटतात ते मी तुम्हाला समजावून —

ती म्हणाली, समजावू नका. मला कोणी सांगितलं, कोणी नाही, मला काही नको. कोणाला शिक्षाही नको.

पिशवीतून तिने फ्रॉक काढले. सगळे निळे. त्या दिवशी मशीनवर जो होता तो, मग दर वर्षी अंदाजाने वाढवून शिवलेले. एकाशेजारी एक मांडले, सुरकुत्या हाताने काढल्या. सगळ्यांत मोठा जवळजवळ बाईमाणसाच्या कमरेपर्यंत येईल असा.

“नवीन शिवायला घेतलाय,” म्हणाली. “अंदाज येत नाही. यातला कुठला बसेल, तेवढं सांगा.”

मी बोलणार नव्हते. शपथ. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

हात गेला. सगळ्यांत लहान फ्रॉकवर.

तिने त्या हाताकडे बघितलं. मग तिने बाकीचे फ्रॉक घडी घालून पिशवीत ठेवले, एकेक, बाह्या आत दुमडून. रडली नाही. रडणं मला ऐकू येत होतं, ते माझंच होतं. ती उठली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला तिने. माझ्या —

२३ ऑक्टोबर

सकाळ. हवालदार फावडं आणि माणसं घेऊन पुढे गेलेत.

मी त्यांना सांगितलं, पाटाच्या काठाने सरळ, झाडं संपतात तिथे पंपाची जुनी खोली. मी तिकडे गेलेली नाही. हवालदार म्हणाले, खोली आहे तिथे, मॅडम. दार चिंचोळं. आत पायऱ्या. बरोबर?

बरोबर.

नसेल तिथे काही. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. किती जणांना शिकवलंय मी हे. तिथे काही नसू दे, मी वेडी ठरू दे — वेडी ठरले तर किती —

चिऊची आई खाली उभी आहे. तो सगळ्यांत लहान फ्रॉक हातात. मी खिडकीतून म्हटलं, तुम्ही येऊ नका, घरी थांबा. ती म्हणाली, एकदा घरी थांबले होते.

माझी वाट बघतेय. मान वर करून. ऊन डोळ्यांवर. अगदी चिऊसारखी — तीही अशीच मान वर करून —

आले म्हटलं. तिने विचारलं, फार लांब आहे का हो? मी म्हणाले, नाही गं, हे काय, इथेच. हात दे.

हात दे. हे मी याआधीही कुणाला तरी, याच रस्त्यावर, अगदी असंच