कॅप्टन टुंड्राच्या शेजारची जागा

११ जानेवारी, रविवार
डेस गेल्यापासूनची ही दुसरी डायरी. गेल्या वर्षीची मार्चपर्यंत टिकली. या वर्षी रोज लिहायचं.

शेजारच्या इनग्रिडने बातमी आणली. आमचं जुनं कार्टून, ‘कॅप्टन टुंड्रा’, पुन्हा येतंय. सुरुवात पेंड्युलाच्या भागाने, सगळं नव्याने. म्हणाली, "म्हणजे ग्वेन, तू आता म्हातारपणी पुन्हा नटी होणार?" मी म्हटलं, पुन्हा कशाला, मी आहेच.

टुंड्राचा आवाज माझ्या नवऱ्याचा, डेसचा; पेंड्युलाचा माझा. लग्नाच्या सकाळी टुंड्रा तिला चर्चच्या दारात सोडून बर्फाखाली गाडल्या गेलेल्या गावाला वाचवायला जातो. ती घड्याळजीची मुलगी. काळात मागे जायचं यंत्र बनवते आणि पुन्हा पुन्हा त्याच सकाळी जाऊन त्याला अडवते. दर वेळी तो जातोच. शेवटी ती त्या सकाळीतच अडकून पडते. "तू गेलास त्या दिवसातच मी अजून राहते, टुंड्रा. तिथे अजून सकाळच आहे." टक्कल पडलेले बाप्ये अजून मला भाजीच्या दुकानात हे वाक्य म्हणून दाखवतात.

मला बोलावणार यात शंकाच नाही. दुसरं आहे कोण? आपण होऊन फोन मात्र करायचा नाही.

संकल्प: रोज वाफ. दूध बंद. रोज एक हिरवं सफरचंद. त्याने तोंडाचा चिकटपणा जातो, माइकवर चटचट येत नाही. पहिल्या रेकॉर्डिंगला डेसने अर्धं खाऊन उरलेलं अर्धं न विचारता माझ्या हातात दिलं. ओळख एवढीच. पुरली.

जुना भाग रोज बघायचा नाही. फक्त रविवारी, अभ्यासापुरता.

१२ जानेवारी, सोमवार
बघितला. अभ्यासापुरता.

१५ जानेवारी, गुरुवार
मरण्याची तालीम केली. कार्टूनमध्ये वाक्यं आधी घेतात आणि पडणं, आपटणं, मरणं शेवटी, कारण ओरडून घसा जातो. मी न्हाणीघरात पेंड्युलासारखी घंटाघरावरून पडत होते. तिसऱ्या पडण्याला अग्निशमन दलाची गाडी आली. इनग्रिडने बोलावलेली.

तीन धिप्पाड पुरुष, बर्फाचे बूट घालून माझ्या गालिच्यावर. एकाने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी मारतंय का?" मी म्हटलं, मी घंटाघरावरून पडतेय. मग त्याने आजचा वार विचारला. सांगितला. पंतप्रधान कोण विचारलं. तेही सांगितलं, वर माझं मतही सांगितलं. मग म्हणाला, "घरात आणखी कोण असतं?" मी म्हटलं, डेस. मग म्हटलं, असायचा.

त्याने हेल्मेट काढून काखेत घेतलं. जाताना तिघं गालिचा झटकून गेले.

इनग्रिड म्हणते, "मरायचंच असेल तर सकाळी मर. दुपारी मी झोपते."

१८ जानेवारी, रविवार
कॅलगरीहून लोर्नाचा फोन. लेक गुणी आहे, पण दर रविवारी मला उचलून आपल्या तळघरात नेऊन ठेवायला बघते. "आई, तू बाबांचा आवाज लावून बसतेस ना?" मी म्हटलं, छे. "मग आत्ता मागे कोण बोलतंय?" म्हटलं, टीव्ही.

लायब्ररीतून काळावरचं पुस्तक आणलंय. माझी शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण या लायब्ररीतलंच. लेखक म्हणतो, गेलेला काळ नष्ट होत नाही. आपण सोडून आलेल्या गावासारखा तो तिथेच असतो. एवढं ठाऊक आहे, तर तिकडची बस कुठून सुटते ते का नाही सांगत? पुस्तक परत करणार.

२२ जानेवारी
फोन आला! मी केला नव्हता. टेसा नावाची मुलगी, नव्या मालिकेचं तीच बघते. जुन्या रेकॉर्डिंगला म्हणे पाणी लागून ती खराब झाली. डेसच्या घरच्या तालमींच्या कॅसेट आहेत का, संगीत नसलेल्या? मी म्हटलं, बुटांच्या खोक्यात आहेत. दोघांच्या आहेत. ती म्हणाली, "वा! मग आम्ही येतोच."

मला काय ते लगेच कळलं. त्याचा जुना आवाज आणि माझा आत्ताचा. पुन्हा शेजारी शेजारी.

पुस्तक परत केलं नाही.

२७ जानेवारी
टेसा येऊन गेली. वयाने लोर्नापेक्षा लहान, केस निळे, वागणं चांगलं. शॉर्टब्रेड बिस्किटं केली होती. कानाला हेडफोन लावून ती कॅसेट ऐकत बसली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिले आणि माझं वाक्य म्हटलं. पूर्ण, दम राखून.

तिने एका कानावरचा हेडफोन उचलला. "सॉरी, काही म्हणालात?"
मी म्हटलं, साखर?

म्हणाली, "डेस अगदी या खोलीत उभे आहेत असं वाटतं हो. आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत किती छान थांबतात!" मी म्हटलं, त्याने जन्मात कधी कुणाचं वाक्य तोडलं नाही. माझं तर नाहीच. नंतर तिने त्याचा आवाज वापरायची परवानगी मागितली. मी म्हटलं, घ्या की, तेवढीच आमची दोघांची पुन्हा गाठ पडेल. ती काहीतरी बोलणार होती. मग तिने आणखी एक शॉर्टब्रेड घेतलं.

"स्टुडिओत याल ना ग्वेन?" येणार म्हणजे काय!

३ फेब्रुवारी
तयारी: न सळसळणारा लोकरीचा स्वेटर. जाड मोजे, कारण माइकसमोर बूट चालत नाहीत. सफरचंद.

लोर्ना म्हणाली, "आई, त्यांनी तुला बोलायला बोलावलंय की ऐकायला?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, ठेवते.

१० फेब्रुवारी
स्टुडिओत मला सोफ्यावर बसवलं. समोर काच. काचेपलीकडे एक मुलगी, मॅरिसोल, मोज्यांवर उभी. हातात हिरवं सफरचंद. तिने मला हात केला. माझं सफरचंद पर्समध्येच राहू दिलं.

मग डेस बोलला. "पेंड्युला, मागे फिर."

तिला म्हणाला.

तिने माझं वाक्य म्हटलं. तिचं "सकाळच आहे" संपलं आणि बरोबर तिथे डेसचं पुढचं वाक्य आलं. जसा तिच्यासाठीच थांबला होता. मुलगी चांगली आहे. हे आजच लिहून ठेवते, उद्या मी कबूल करणार नाही.

बाहेर येऊन तिने मला मिठी मारली. "मी लहानपणी रोज तुमची नक्कल करायचे, बाई. आईचा ओरडा खायचे." मी म्हटलं, बरी जमलीय. टेसा माझ्याकडे बघतच नव्हती. विचारलं तिला, माझं काय? म्हणाली, "तुमचं नाव येणार ना पडद्यावर. आभार म्हणून."

बसमध्ये सफरचंद खाल्लं. आख्खं.

११ फेब्रुवारी
घसा दुखतो. न वापरता.

१५ फेब्रुवारी, रविवार
लोर्नाला सांगितलं, काम मीच नाकारलं. ती मग म्हणाली, "बरं केलंस, आई." पुस्तक परत केलं.

२ मार्च
टेसाचं पार्सल. कॅसेट परत आल्या, पुसूनबिसून. सोबत एक पेन ड्राइव्ह: डेसचा साफ केलेला आवाज, मला आठवण म्हणून. त्यातून माझा आवाज काढलाय. माझ्या तेव्हाच्या वाक्यांच्या जागी तेवढीच नुसती शांतता.

इनग्रिड म्हणाली, "आग लाव त्याला. मूळ कॅसेट आहे की तुमची दोघांची, ती ऐक." मी म्हटलं, तिथे मला जागा कुठाय? तिथे आधीच एक बाई बोलतेय. इनग्रिडने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता घरी गेली.

मोजे घातले. सफरचंद चिरलं, अर्धं बशीत ठेवलं. लॅपटॉप लावला.

"पेंड्युला, मागे फिर," डेस म्हणाला. मला म्हणाला.

मी म्हटलं, "तू गेलास त्या दिवसातच मी अजून राहते, टुंड्रा. तिथे अजून"

आणि तो बोलायलाच लागला.

पुन्हा लावलं. पुन्हा "अजून"पाशीच. वाफ घेऊन आले, पाणी प्यायले, भरभर म्हणून बघितलं. भरभर म्हटलं की श्वास पुरत नाही. मी "सकाळ"पर्यंत पोचायच्या आत तो सुरू.

डेस असा नव्हता.

उद्या सांगितलं पाहिजे त्याला, जरा थांब म्हणून.