शजऱ्यातलं सर्वांत वरचं नाव

मी, बदरुद्दीन अब्दुल रऊफ पांगारकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मूळ राहणार पांगारी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम मुलगा फहद याच्या घरी, डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही की भरीस घातलेलं नाही. शरमेने लिहायला बसवलं आहे, आणि शरमेला कायदा जबरदस्ती समजत नाही, हे मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

कलम १. माझं यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातलं आठवं कलम तर कोणी वाचूही नये. त्यात मी लिहिलं होतं की माझी मुलगी नबिला हिचा नवरा हारुन याने माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये. लिहून गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी ते फहदच्या लग्नात, भर जेवणात, चार माणसांना ऐकवलं. बिर्याणीची ताटं उठायच्या आत ते हारुनपर्यंत पोचलं होतं. तो उठून गेला नाही. शांतपणे जेवला, हात धुतले, फहदला मुबारकबाद दिली आणि मग गेला.

कलम २. कफन-दफनाचा खर्च आणि देणी वजा जाता माझ्या मिळकतीचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे वारसांचे आहेत: पत्नी हलिमा, मुलगा फहद, मुलगी नबिला. त्यात माझी अक्कल चालत नाही, हे बरंच आहे. माझी अक्कल उरलेल्या एक तृतीयांशापुरती. गावचं घर वारसांनी विकायचं ठरवलं तर विकावं, मात्र विहिरीजवळचा फणस पाडणाऱ्याला देऊ नये.

कलम ३. हे कलम वाटणीचं नाही. पण ते नसेल तर पुढची कलमं वाचणाऱ्याला मी नुसताच म्हातारचळ लागलेला वाटेन.

रुवैसच्या रिफायनरीत मी होतो तेव्हापासून अबूधाबी ते रास-अल-खैमापर्यंतच्या आपल्या कोकणी घरांत सोयरीक ठरायची झाली की मला फोन यायचा. 'बदरूचाचा, हाड कसं आहे?' मुलगा काय शिकला, किती कमावतो हे त्यांनी बघायचं. हाड मी बघायचं. समोरचे शजरा घेऊन यायचे. मुलगा, बाप, आजा, अशी वर चढत जाणारी कुळाची नावं. मी सर्वांत वरच्या नावावर बोट ठेवायचो. ते नाव 'अब्दुल्ला' असेल आणि त्याच्यावर काही नसेल, तर मी कागदाची घडी घालायचो. कारण जुनी रीत अशी की कोणी नव्याने मुसलमान झाला तर निकाहाच्या दप्तरात त्याच्या बापाचं मूळ नाव लिहीत नसत. 'बिन अब्दुल्ला', म्हणजे अल्लाच्या बंद्याचा मुलगा, एवढंच लिहायचे. सन्मानाने लिहायचे. ज्याला मागचं सगळं सोडावं लागलं त्याला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून. त्याच झाकणाला मी भोक पाडत होतो, आणि लोक मला जाणकार म्हणायचे.

हारुन आपल्या वडिलांना घेऊन रुवैसला आला होता. नबिला आत चहा गाळत होती. बुरोंडीचं घराणं, मुलगा जुमेरा लेक टॉवर्सला चांगल्या ऑफिसात, बोलणं नम्र. मी बोट वर नेलं. अब्दुल्ला. घडी घातली. त्याच्या वडिलांनी मान खाली घातली, पण हारुनने विचारलं, "चाचा, माझ्या हाडात काय दिसलं तुम्हाला?"

मी म्हणालो, "कुठून आलास ते दिसलं नाही, तेच दिसलं."

या वाक्यावर मी वर्षानुवर्षं खूश होतो.

हलिमाने जेवण सोडलं म्हणून मी मुलीचा वली, म्हणजे निकाहातला पालक, होऊन होकार दिला, निकाहला बसलो, आणि उठताना सांगितलं की या माणसाने माझा उंबरठा ओलांडायचा नाही आणि मी त्याचा ओलांडणार नाही. ईदला नबिला मुलीला घेऊन वर यायची. हारुन खाली पार्किंगमध्ये गाडीत बसायचा. जुलैतसुद्धा.

कलम ४. आता माझं हाड.

आमचा शजरा माझ्या आजोबांनी चौकटीत लावलेला. माझ्या खापरपणजोबांचे वडील यासीन, आणि यासीनच्या वर अब्दुल्ला. बाजूला वेगळ्या शाईत 'अरब, यमनवाले'. आमचे घारे डोळे यमनचे, असं आम्ही बाळकडूसारखं प्यालो. यासीनबाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, ती म्हणे चाच्यांशी लढताना गेली. रिफायनरीतल्या माझ्या इमिराती मुदीरला, म्हणजे साहेबाला, मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की मीही तुमच्यातलाच. तो म्हणाला, हबीबी, मग हेच वाक्य अरबीत सांग. मी हसण्यावारी नेलं. शेजारचे राजाभाऊ, पुण्याचे, एकदा म्हणाले होते की घारे डोळे आमच्याकडेही आहेत, पण आम्ही कोणाला यमन सांगत नाही. मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही.

नबिलाची मुलगी फिझा हिला कॉलेजात घराण्याचा इतिहास लिहायचा होता. मी मोठ्या तोऱ्यात शजरा काढून दिला. मनात होतं, पोरीला कळू दे आईकडचं कूळ कसलं आहे ते. तिने वर्षभर खणलं. दापोलीला गोऱ्यांची छावणी होती, तिथल्या पेन्शनरांच्या जुन्या याद्या तिने विलायतेहून मागवल्या. त्यांत डेनिस हॅलोरन नावाचा शिपाई सापडला. मूळ आयर्लंड, परगणा क्लेअर. बंदूक फुटून डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. पुढे शेरा, की हा इसम चर्च सोडून मुसलमान झाला, पांगारीच्या बाईशी लग्न करून तिथेच राहतो. आणि आमच्या जमातीच्या निकाहाच्या दप्तरात त्याच साली, यासीन बिन अब्दुल्ला, घारा, दोन बोटं नाहीत.

चाच्यांनी काही केलं नव्हतं. बिचारे.

फिझा इंग्रजीतच बोलते. कागद पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "नाना, इट्स द सेम अब्दुल्ला. सेम अ‍ॅज पप्पाज." ती रागाने बोलली असती तर मी ओरडलो असतो. ती नुसतं विचारत होती. माझ्या भिंतीवर तेच नाव चौकटीत होतं, आणि सगळ्या आखातातले शजरे तपासणारं माझं बोट तिथे एकदाही थांबलं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. म्हण पाठ होती, तिच्यातला माणूस ओळखता आला नाही.

आयरिश निघालो याची मला लाज नाही. डेनिसने मुलूख सोडला, नाव सोडलं, एका कोकणी बाईसाठी आणि अल्लासाठी आमच्या गावच्या मातीत गेला. माझ्यापेक्षा तो मोठा माणूस. लाज याची आहे की ज्या गोष्टीसाठी त्याला मान द्यायचा, त्याच गोष्टीसाठी मी हारुनला उन्हात बसवलं.

कलम ५. माझ्या एक तृतीयांशातून फिझाला दहा हजार दिरहम, म्हणजे आजच्या भावाने सव्वादोन-अडीच लाख रुपये, आणि चौकटीसह शजरा. तिने परगणा क्लेअरला जावं. तिथल्या चर्चच्या दप्तरात डेनिसच्या बापाचं नाव असेल. ते शोधून अब्दुल्लाच्या शेजारी लिहावं. अब्दुल्ला खोडू नये. 'अरब, यमनवाले' मी स्वतः खोडलं आहे. जमलं तर त्याच्या आईचंही नाव शोधावं. मुलगा कुठे गेला हे त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नसेल.

कलम ६. माझी पान्यांची पेटी मी आजच राजाभाऊंना देऊन टाकली आहे, ती वाटणीत धरू नये. फहदला नळाचा वायसर बदलता येत नाही, त्याच्याकडे ती गंजली असती. त्या महिन्याभराबद्दल राजाभाऊंनी राग धरू नये.

कलम ७. हलिमा दर गुरुवारी संध्याकाळी 'चालायला' जाते. मला सगळं ठाऊक आहे. चालायला जाताना कोणी सांदणांचा डबा नेत नाही. ती मेट्रोने हारुनच्या घरी जाते, आणि मी विचारत नाही कारण परत आल्यावर ती खूश असते. माझ्यामागे तिने उघडपणे जावं.

कलम ८. जुन्याच्या जागी हे आठवं. खांदा फहदने आणि हारुनने द्यावा. कबरीत उतरून मला हातांवर घ्यायला हारुनने यावं, त्याचं मन असेल तर. नसेल तर कोणी त्याला बोल लावू नये आणि नबिलाला गळ घालू नये. माझ्या कुळाविषयी कबरस्तानात कोणीही चांगलं बोलू नये.

कलम ९. हारुनला मी काही ठेवत नाही. कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं वकीलबाईंनी बजावलं, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. दुसरा कोणीही चालेल असं त्या म्हणाल्या. मला चालणार नाही. ज्याच्याबद्दल हे आहे त्याने ते वाचलेलं असावं, मी जिवंत असताना, माझ्यासमोर. येत्या जुम्म्याला नमाज झाली की राजाभाऊंना बरोबर घेऊन मी हे कागद त्याच्या दारी नेणार आहे. त्याने दार उघडलं नाही तर तो त्याचा हक्क आहे. मी खाली पार्किंगमध्ये बसेन. मला सवय नाही, त्याला होती.

साक्षीदाराच्या नावाखाली 'मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं' अशी एक ओळ असते. ती मी कोरी सोडली आहे. त्याने 'ओळख' लिहिलं तरी मी हरकत घेणार नाही. 'काही नाही' लिहिलं तरी खोटं ठरणार नाही.

वर लिहिलेलं सर्व मी वाचून, समजून, मान खाली घालून कबूल केलं आहे.

स्थळ: ~~डिस्कव्हरी गार्डन्स~~ जुमेरा लेक टॉवर्स, हारुनच्या घरी
तारीख: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सही: बदरुद्दीन अब्दुल रऊफ पांगारकर, यासीन बिन अब्दुल्लाच्या वंशातला

साक्षीदार पहिला: राजाभाऊ केळकर
राहणार: डिस्कव्हरी गार्डन्स
मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं: शेजारी. राग नाही.

साक्षीदार दुसरा: हारुन सालेह बुरोंडकर
राहणार: जुमेरा लेक टॉवर्स
मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं: जावई