मॉडचा नवा पंप

३ एप्रिल, सोमवार

स्टिअरिंगचा पंप गेला म्हणे! मागच्या फेरीत तर बरा होता. काल गावामागच्या लाल खडकांवर मॉडला, आमच्या म्हाताऱ्या जीपला, नेऊन आणलं, तर डेल घामाघूम. "स्टिअरिंग धोंडा झालंय, लोर्ना. पंपच गेला." झालं! जेवताना पंप, जेवून उठल्यावर पंप. माझं चिलीचं कालवण गार झालं तरी याचं लक्ष नाही.

बावीस तारखेला आमच्या खडक चढणाऱ्या जीपवाल्यांच्या क्लबची वसंतातली फेरी. सगळ्यात पुढे मॉड. क्लब सुरू झाल्यापासून पुढे आम्हीच असतो. पुढची गाडी अडली की मागची सगळी रांग अडते, आणि मग गावभर वर्षभर तीच गोष्ट. बावीसच्या आत पंप हवा. मला बसवेना, उठवेना.

४ एप्रिल

सकाळी टॉर्च घेऊन मी स्वतः बॉनेटमध्ये डोकं घातलं. पट्टा ताठ. तेल स्वच्छ, जळका वास नाही. नळ्यांना ओल नाही. डेलला सांगितलं, तर म्हणतो, "तू बाहेरून बघतेस. मला हाताला कळतं."

ते खरंच. मॉडच्या स्टिअरिंगवर तो आणि खडकावर तिच्यापुढे उभी मी, हे आमचं लग्नाआधीपासून ठरलेलं. मी हातांनी दाखवायचं — डावीकडे, उजवीकडे, थांब — आणि त्यानं माझ्या हातांखेरीज कशाकडेही बघायचं नाही. चालवणाऱ्यानं पुढच्या माणसाशी वाद घालायचा नाही, पुढच्यानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे न पाळल्यामुळे या गावात घटस्फोट झालेत! मी मॉड शेवटची कधी चालवली आठवतही नाही. मला माझी छोटी गाडी पुरते.

७ एप्रिल, शुक्रवार

अख्खी सकाळ गार्थ ओव्हरसनच्या सुट्या भागांच्या दुकानात. गार्थनं काउंटरवर तीन पंप मांडले, सराफानं हार मांडावेत तसे.

पहिला, आमचाच जुना नमुना, उघडून नवे सील घालून दिलेला. जागेवर सरळ बसतो. "पण मॉडचे टायर तुमच्या कमरेएवढे! याचा जीव केवढा!" दुसरा मोठ्या ट्रकचा. त्याला पंप धरायची पट्टी बदलावी लागेल. तिसरा शर्यतवाल्यांचा. वेगळी टाकी, तेल थंड करायची जाळी, आणि चमक अशी की घरात शोभेला ठेवावा.

गार्थ म्हणाला, "तेल किती ढकलतो त्यावर स्टिअरिंग किती भरभर फिरेल ते ठरतं. दाब किती, त्यावर जोर. तुम्हाला काय हवंय?"

"जोर," डेल म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत.

"मग शर्यतवाला. पण तुमच्या मॉडचा स्टिअरिंग बॉक्स म्हातारा आहे. एवढा दाब आला की त्याचे सील फाटतील." मग गार्थच म्हणाला, "आधी जुन्यालाच दाब मोजायचं गेज लावून बघू या ना. गाडी दारात तर उभी आहे."

"गेज त्यांना लागतं, ज्यांना हात नाहीत!" डेल म्हणाला. हे त्याचं नेहमीचं. आयुष्यभर रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलंय, हातांवर भारी भरवसा. इथले सगळेच जुने असले. गेज लावलं म्हणजे अब्रू गेली!

गार्थ हसला. "नाचता येईना अंगण वाकडं, तसं नाही ना रे डेल?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. डेल हसला नाही. टोपी घातली आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

८ एप्रिल

शर्यतवाला नको. सील फाटलं तर भर खडकात तेलाचं तळं. पण पहिला फारच लेचापेचा. मग दुसरा? पट्टी बसेल का? की शर्यतवालाच? डोकं भणभणलंय. कणिक मळायला घेतली आणि मीठ दोनदा घातलं.

११ एप्रिल, मंगळवार

रॉक्सी डनलेव्हीचा फोन. यंदा क्लबची अध्यक्ष ती. आवाजात साखर. "अगं, डेलचं काही अडत असेल तर मी जाते पुढे. तुम्ही आरामात मागून या."

म्हटलं, "रॉक्सी, गेल्या वर्षी तुझी गाडी ओढून कुणी काढली गं? मागून येणाऱ्यांनी?"

"तसं नाही गं... काळजी वाटते म्हणून."

"मॉड आजारी आहे, डेल नाही!" आणि फोन आपटला. काळजी म्हणे! हिला पुढची जागा हवीय, दुसरं काही नाही. दुपारभर घरात येरझाऱ्या घातल्या. कुत्रासुद्धा माझ्या मागून फिरून दमला.

१२ एप्रिल

भांडलो. मी म्हटलं दुसरा, डेल म्हणतो शर्यतवाला. सीलचं समजावून सांगायला गेले तर ओरडला — "जोर हवाय मला, लोर्ना! कळत कसं नाही तुला?" डेल ओरडत नाही कधी. मुलगी लग्न न सांगता करून आली तेव्हाही नाही ओरडला.

शेवटी गार्थनंच वाट काढली. दुसरा पंप घ्यायचा आणि त्याच्या झडपेखालची एक पातळ चकती काढून दाब थोडा चढवून द्यायचा. सील धरतील इतपतच. डेल "बरं" म्हणाला आणि टीव्हीकडे तोंड करून बसला. टीव्ही बंद होता.

१५ एप्रिल, शनिवार

बसवला! पट्टी बसली, पुली बसली. मागचे बोल्ट मीच आवळले. "तुझे हात बारीक, तिथे पोचतात," डेल म्हणाला. इतक्या वर्षांत कधी पानाही हातात दिला नव्हता त्यानं, म्हणून जरा फुशारलेच.

मग पुढची चाकं जॅकवर उचलली. डेल स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत होता, मी टाकीतले बुडबुडे बघत होते. शेवटी तेल मधासारखं संथ झालं. इंजिन चालू केलं, नावाला आवाज नाही. "लोणी!" डेल ओरडला. खूप दिवसांनी त्याचे दात दिसले. मी त्याच्या ग्रीस लागलेल्या गालाची पापी घेतली.

खडकावर नेऊन बघू म्हटलं, तर म्हणाला, "कशाला उगाच. फेरीतच बघू."

१७ एप्रिल

विचारलं, "गावात नेऊन आणलीस ना, कसं वाटतंय?" म्हणाला, "बरंय." बरंय म्हणजे काय? बरं की चांगलं?

२२ एप्रिल, शनिवार

वाट लागली.

सकाळी सगळं छान होतं. मागे अकरा गाड्या, लख्ख ऊन, रॉक्सीचा चेहरा पडलेला. खडकातल्या मोठ्या पायरीशी आलो. तिथे दरवर्षी मी खाली उतरते. उजवं चाक कपारीच्या काठाशी आलं तसा मी हात केला — डावीकडे! डेल माझ्याकडेच बघत होता. चाक हललं नाही. पुन्हा हात केला. डावीकडे, डेल, डावीकडे! गाडी उजवीकडे कलली, एक टायर हवेत. मी किंचाळले. त्यानं ब्रेक दाबला आणि तसाच थिजून बसला.

खिडकीशी गेले. त्याचे ओठ पांढरे पडलेले. "पंप गेला," म्हणाला.

नवा पंप! खडकाला अडला की पंप कण्हतो, कुठलाही असो. आज कण्हलासुद्धा नाही. मेलाच म्हणायचा. रॉक्सीनं मागून तार लावून ओढून काढलं. सपाटीवरून डेलनं गाडी हळूहळू घरी आणली. पंप नसला तरी चालत्या गाडीचं स्टिअरिंग फिरतं, उभ्या गाडीचं नाही. क्लबच्या संध्याकाळच्या जेवणाला गेलोच नाही. त्यासाठी केलेली चेरीची पेस्ट्री तशीच ओट्यावर.

गार्थ, थांब तू! चकती काढली होती की माझ्या तोंडाला पानं पुसलीस? सोमवारी हा पंप तुझ्या काउंटरवर आपटते की नाही बघ.

२४ एप्रिल, सोमवार

डेल येत नाही म्हणाला. "तूच घेऊन जा." मीच बसले मॉडमध्ये. गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं. फिरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका हातानं. पंप कण्हला. पुन्हा फिरवलं, दुसऱ्या हातानं. इंजिन बंद केलं. पंपाला काहीच झालं नव्हतं.

घरात आले. डेल टेबलाशी होता. कॉफीचा मग डाव्या हातात, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"कधीपासून?"

"नाताळपासून." मग म्हणाला, "पंपच असावा असं फार वाटत होतं गं."