हळदीचा दोरा

४ ऑगस्ट
म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या कारखान्यात आज रुजू झाले. मस्त वाटतंय! लढाऊ विमानातून वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला जातो, तेव्हा त्याला जिवंत खाली आणणारी हवाई छत्री आम्ही शिवतो, घडी घालून पेटीत भरतो. मी तपासनीस. घड्या घालणाऱ्या जानकीबाई देवराज मोहल्ल्यातल्या, पिढीजात शिंप्यांच्या घरातल्या. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरतात. माझा धाकटा भाऊ अमेय वायुदलात असलीच विमानं उडवतो, हे ऐकून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. आय्यो, त्याच्या तळावर जाणारी पेटी मीच बंद करते की, म्हणाल्या. वर दोन चिरोटी खायला लावली.

२१ ऑगस्ट
कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात अपघातातून परत आलेली एक छत्री आहे. वैमानिक बाहेर पडला, खुर्ची सुटली, छत्री उघडलीच नाही. तपासायला पाठवलेली ही छत्री आमचे व्यवस्थापक बिंदुमाधव कुलपात ठेवून बसलेत! वरून आदेश येऊ दे म्हणे. कसला डोंबलाचा आदेश? माणूस मेलाय! आणि भर दुपारी कपाटाला आतून धक्के बसतात. उंदीर असतील म्हणे. उंदीर कपाट हलवतात?

२२ ऑगस्ट
किल्ली हिसकावली. कापड हाताखाली फुगत होतं, श्वास कोंडल्यासारखं. दोऱ्यांच्या जुडग्याला पिवळा नायलॉनचा धागा. गच्च गाठ. दोऱ्या मोकळ्याच झाल्या नाहीत, छत्री उघडणार कशी? हळदीचा वास.

जानकीबाईंनी काही लपवलं नाही. शिवून झालेल्या प्रत्येक वस्तूला हळदीचा दोरा बांधायचा, वापरणारा सुखरूप राहतो, ही त्यांच्या घरची रीत. माझी तपासणी झाली की, पेटी मिटताना बांधतात. अमेयच्या तळावर गेलेल्या पेटीत दुहेरी गाठ मारलीय. खास माझ्यासाठी.

नवी छत्री आपल्याच विमानाच्या खुर्चीत बसवली, असं अमेय परवाच सांगत होता.

मी त्यांच्या अंगावर ओरडले. त्या रडायला लागल्या. रडा! रडून सुटणार आहे का ती गाठ?

२३ ऑगस्ट
बिंदुमाधव म्हणतात, आता कळवलं तर कारखान्याला टाळं लागेल, सोमवारी बघू. मेल्या, सोमवारी? तळावर मीच फोन केला. तुमच्या साहेबांचं लेखी आणा म्हणे. अमेयचा फोन बंद. उड्डाणावर गेलाय —

कपाट सताड उघडं. छत्री छताला लटकतेय. पट्ट्यांचे चाप आपोआप मिटताहेत, एकेक, कोणाला तरी आवळत —

दुपार
पट्ट्यांत कोणीतरी आहे. हेल्मेट खाली झुकलेलं. मला वाटलं, तो मेलेला वैमानिक. तो नाही. धागा कोरा, पिवळाधमक. दुहेरी गाठ. नखांनी सुटत नाही. दातांनी — नाही — हलकट गाठ — तो मान वर करतोय — ताई म्हणतोय — गाठ सोड, ताई, गाठ सो