आबाच्या गव्हाले देल्लेलं पाणी

वणी, ४ मार्च

साधना, जयभीम घे.

मी इथं बरा आहो. टिपर चालू आहे, कोळशाची धूळ सोडली तर तरास नाही. तू फोन उचलत नाही, म्हणून लिहून राह्यलो.

आपल्या निकिताचा खोकला थांबला काय? गारांनी फुटलेल्या टिनावर ताडपत्री टाकली काय?

औंदा थंडी पडलीच नाही. डिसेंबर सरत नाही तं गहू निसवला, अन् पुढं असं ऊन तापलं का दाणा पोचट राहीन, असं मले वाटलं. म्हणून पाणी दे म्हटलं. तू म्हटलं, "वारा सुटला आहे, आबाचा जुना गहू उंच वाढते, ओल्यात लोळन." त्यावर मी फोनवर तुले जे बोललो, ते आता काढू नको. तू पाणी देल्लं, सांजेपर्यंत गहू आडवा झाला अन् दुसऱ्या दिवशी त्यावर गारा पडल्या. आभाळ काय माह्या हातात आहे?

आबानं तीस वर्षं जपलेलं बियाणं गेलं. आबाच्या फोनवर निकिता सांगे, आबा आता तुह्या हातचं पाणीही घेत नाहीत.

तुनं कोणाले न इचारता पाणी देल्लं, असं मीच त्याइले सांगतलं. पोराचं नाव आलं असतं तं म्हातारा खचला असता. सुनेचं चालते. आबा आता किती दिवसाचे? तवरिक तेच राहू दे.

पंधरा दिवसानं येतो. आबासमोर मी तुह्यावर वरडीन, तवा मान खाली घालजो.

तुहाच,
संघदीप