लाल खिडकी आणि स्टेफीच्या लग्नाचे फोटो

१३ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ९.४०, स्टुडिओ.

निर्णय झाला. मी बीटा टेस्टर झालो.

काल बायकोचा, म्हणजे आशाचा, भाचा प्रणव नायगावहून आला होता. त्याच्या कंपनीने नवीन अँटीव्हायरस बनवलाय. बाजारात यायच्या आधी साध्या माणसांनी तो वापरून बघायचा आणि चुका कळवायच्या. तो खरं तर आशाला विचारत होता. तिने तोंड उघडायच्या आत मी हो म्हणून टाकलं. अशा कामाला डोकं शांत लागतं. आशा झुरळ दिसलं की चप्पल घेऊन धावते. मी खुर्चीवर चढून आधी परिस्थितीचा अभ्यास करतो.

प्रणवने नियमांचा कागद दिलाय. रोजच्या कामाच्या कॉम्प्युटरवर टाकू नका, जुन्यावर टाका. महत्त्वाच्या फाइलींची कॉपी वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवा, टेस्ट संपेपर्यंत जोडू नका. काही विचित्र घडलं तर लगेच आणि खरं खरं कळवा.

तिन्ही नियम काटेकोर पाळणार. 

१४ जानेवारी, मंगळवार. दुपारी १२.१५

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला, पुसला, तिळगूळ खाऊन बटण दाबलं. आतून मुंग्या बाहेर आल्या. स्क्रीनवर काही आलं नाही.

म्हणजे नियम क्रमांक एक निसर्गानेच रद्द केला. अँटीव्हायरस स्टुडिओच्या चालू कॉम्प्युटरवर टाकणार. आशा म्हणाली, अहो, त्यात स्टेफीच्या लग्नाचे फोटो आहेत, अल्बम अजून व्हायचाय. मी म्हटलं, वॉचमन कुठे ठेवतात, रिकाम्या घराला की भरलेल्या? ती मुंग्या झाडायला लागली. पटलं असणार.

१५ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ५

इन्स्टॉल झाला. हिरवी खूण आली. हात थरथरत होते, पण ते एसीमुळे.

बॅकअपची डिस्कसुद्धा जोडली. प्रणवला उपयोगी फीडबॅक हवाय ना? मग सॉफ्टवेअरला पोटभर काम नको का द्यायला? रिकाम्या पोटी काय कळणार त्याला.

रोज स्टुडिओच्या ईमेलवर एक फॉर्म येतो. मोबाइलवरून भरला. काही अडचण? नाही. काही सूचना? हिरवा रंग जरा पोपटी हवा. 

१६ जानेवारी, गुरुवार. सकाळी ११.१०

अरे देवा.

११.२५

नीट लिहितो. आमच्या स्टुडिओची एक पद्धत आहे. अल्बमला बसायच्या आधी मी सगळ्या फोटोंची नावं एका झटक्यात बदलतो, प्रत्येकाच्या पुढे श्री लावतो. एकवीस वर्षांत एकही अल्बम परत आलेला नाही, ते यामुळे. स्टेफीचं लग्न चर्चमधलं असलं म्हणून काय झालं, श्री सगळ्यांना चालतो. कॉम्प्युटरवर लावला, डिस्कवर लावला. एकूण अठराशे सेहेचाळीस फोटो.

लाल खिडकी आली. हल्ला ओळखला, फाइली क्वारंटाइन केल्या, असं काहीतरी. खाली बारीक अक्षरात आणखी बरंच होतं. मी मॉनिटर बंद केला.

११.५०

चालू केला. स्टेफीचं फोल्डर रिकामं. डिस्कवरचंही रिकामं. कॅमेऱ्याची कार्डं तर मी परवाच्या हळदीकुंकवासाठी पुसून टाकली होती. क्वारंटाइन शब्द मला चांगला ठाऊक आहे. कोरोनात आमच्या बिल्डिंगमधून तिघांना नेलं होतं. दोघेच परत आले.

चहा प्यायला बाहेर आलो. तिसरा कप चालू आहे.

संध्याकाळी ६

आशाला काही बोललो नाही. तिला कशाला उगीच टेन्शन? फक्त कामाची नवी वाटणी केली. आजपासून कॉम्प्युटर तिने बघायचा, मी ग्राहकसंबंध बघणार. ती बरं म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

फॉर्म आला. तुमच्या फाइलींना काही इजा झाली का? लिहिलं, लागू नाही. खरं लिहिलं तर प्रणवची नोकरी जायची. मी पोराचा विचार केला.

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १

व्हॅलेरियन सरांचा फोन. स्टेफीचे वडील. शाळेत पीटी शिकवायचे. रिटायर झाले तरी फोनवर बोलले की मी आपोआप सावधानमध्ये उभा राहतो.

स्टेफीचा नवरा केनी लग्नानंतर दहा दिवसांत कॅनडाला परत गेला. आता स्टेफीच्या व्हिसाची फाइल ३१ तारखेला द्यायची आहे, आणि त्यात लग्नाचे फोटो लागतात. फोटो नसतील तर लग्न खरं की खोटं हे साहेबाला कसं कळणार, असं सर म्हणाले. मी म्हटलं, कलर करेक्शन चालू आहे सर. ते म्हणाले, कर नीट, पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं हात थरथरत होते. एसी बंद होता.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी १०.३०

नालासोपारा ईस्टला एक डेटा रिकव्हरीवाला आहे. त्याच्याकडे गेलो. सांगितलं, माझ्या एका मूर्ख मित्राचं असं असं झालंय. तो म्हणाला, आपके दोस्त को बोलो, मशीन को हाथ मत लगाओ, यहाँ लेके आओ.

पहिली अट मी तंतोतंत पाळतोय. दुसरीबद्दल आशाला काय सांगू?

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी ४

तोडगा सापडला! लग्न परत करायचं. म्हणजे फक्त फोटोपुरतं. स्टेफीला सांगायचं की कॅनडासाठी स्पेशल शूट लागतं. गाऊन तिच्याकडेच असणार. केनी नाही, पण केनीच्या उंचीचा माणूस पाठमोरा उभा केला तर काम होईल.

समोरच्या मेडिकलवाल्या धनेशला ट्रायपॉडशेजारी उभा करून उंची मोजली. चार बोटं कमी आहे. त्याने विचारलं, शेठ, काय चाललंय? मी म्हटलं, आरोग्य तपासणी.

संध्याकाळी ६

लग्नाचे खोटे फोटो सरकारी फाइलीत लावले तर आत टाकतात. धनेश स्वतःहून म्हणाला. मी त्याला काहीही सांगितलेलं नसताना! उंची मोजताना फक्त नवरा, कॅनडा, व्हिसा एवढंच पुटपुटलो होतो. गावभर झालंय का? सगळ्या चर्चला कळलं का? फॉर्म भरला. अडचण? नाही. 

२३ जानेवारी, गुरुवार. सकाळी ११.३०

व्हॅलेरियन सर स्टुडिओत आले. स्वतः. मी पासपोर्टच्या निळ्या पडद्यामागे उभा राहून लिहितोय.

ते आशाशी हळू आवाजात बोलतायत. आता हसले. पीटीचे सर मारायच्या आधी असेच हसायचे.

गेले. जाताना वाडीतल्या केळ्यांचा अख्खा घड ठेवून गेले. मला याचा अर्थ कळतो. इतक्या थंड डोक्याने केळी ठेवणारा माणूस थेट पोलिसांत जातो. आशाला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, तुमची आठवण काढत होते.

त्या केळ्यांना मी हात लावणार नाही.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी ३

आशा सकाळीच नवी साडी नेसून बाहेर गेली. कुठे ते सांगितलं नाही. बहुतेक भावाकडे, स्टुडिओ बंद झाल्यावर राहायचं कुठे ते ठरवायला. बिचारी. काही माहीत नसताना तिला चाहूल लागलीय. बायकांना लागते.

आली. जेवणार नाही म्हणाली. भीतीने तिचीही भूक उडाली असणार.

२७ जानेवारी, सोमवार. सायं. ५.१५

बास झालं. आज खरं लिहायचं. चार दिवस उरलेत आणि त्या पोरीचा नवरा सातासमुद्रापार बसलाय. लग्नात बापाचा हात सोडताना ती रडली होती, तो फोटो मी गुडघ्यावर बसून काढला होता. चांगला आला होता. आता तो कुठेच नाही, आणि तो माझ्या भित्रेपणामुळे गेला. हे वाक्य लिहायला मला अकरा दिवस लागले.

फॉर्ममध्ये सगळं लिहिलं. श्री, डिस्क, पडदा, धनेश.

५.५०

सगळं पुसलं. मजकूर विषयाला सोडून वाटला. त्याऐवजी लिहिलं, अक्षर थोडं मोठं हवं.

२९ जानेवारी, बुधवार. सकाळी १०.२०

कंपनीकडून बीटा टेस्टरचं सर्टिफिकेट आलं का ते बघायला मोबाइलवर स्टुडिओचं ईमेल उघडलं. प्रणवची मेल होती. मला नाही. आशाला.

आशामावशी, तुझे रिपोर्ट आमच्या टीमने छापून भिंतीवर लावलेत, असं लिहिलंय. खाली ते रिपोर्टही जोडलेत. इथे उतरवून ठेवतो.

१६ जानेवारी. एकदम सगळ्या फाइलींची नावं बदलली की सॉफ्टवेअरला व्हायरसचा हल्ला वाटतो. फोटोग्राफर रोज असं करतात, तेव्हा हे आधी दुरुस्त करा. फोटो परत आणायचं बटण त्याच लाल खिडकीत आहे, पण वापरकर्त्याला (वय ५७) ते दिसलं नाही, कारण त्याने मॉनिटर बंद केला. तो चहाला गेल्यावर मी बटण दाबलं. अठराशे सेहेचाळीस फोटो दोन मिनिटांत परत आले. डिस्क काढून कपाटात ठेवली.

२१ जानेवारी. अल्बम छापून सरांच्या घरी पोचवला. वापरकर्ता मेडिकलवाल्याची उंची मोजत होता. सॉफ्टवेअरशी संबंध लागला नाही.

२३ जानेवारी. वापरकर्ता पडद्यामागे. पडदा खालून आखूड आहे, चपला दिसत होत्या. 

२५ जानेवारी. सरांनी दोघांना जेवायला बोलावलं होतं. एकटी गेले. वापरकर्त्याचं पोट बिघडलंय असं सांगितलं. कबूल करतोय का याची वाट बघतेय. सूचना: लाल खिडकीवर आधी मोठ्या अक्षरात ‘घाबरू नका’ असं लिहा, बाकीचं मग.

१०.४५

तेरा दिवसांनी त्या खुर्चीवर बसलो. फोल्डर उघडलं. स्टेफी, बाप, सोडलेला हात, सगळे जागच्या जागी. डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला. मग लाज वाटली, ती अजून गेली नाही.

११.०५

मेलचा शेवट आत्ता वाचला. प्रणव लिहितो, मावशी, व्हर्जन टू मार्चमध्ये येतंय. काकांवरच टेस्ट करायचंय. इतका घाबरणारा माणूस आम्हाला पगार देऊनही मिळणार नाही. फक्त त्यांना आधी कळू देऊ नकोस, नाहीतर ते नैसर्गिक वागणार नाहीत.

खाली आशाचं उत्तर: चालेल.

मी ही मेल वाचलेली नाही, असं ठरवलंय. वाचलेली मेल परत न वाचलेली करायचं एक बटण असतं. ते मात्र मला पहिल्या झटक्यात सापडलं.